लाल फडक्यातली एकोणीस पुस्तके

॥ श्रीपांडुरंग ॥

मी, नर्मदाबाई भ्रतार कैलासवासी किसनराव कावरखे, वय वर्षे चाळीस, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक पास, राहणार मौजे गोरेगाव, तालुके हिंगोली, जिल्हे परभणी, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते या कागदावर लिहून ठेवते. लिहिताना अंगात ताप नाही, बुद्धी ठिकाणावर आहे. लिही म्हणून कोणी धाक घातलेला नाही. घरात लिहू नको म्हणणारेच जास्त आहेत. पोटात गोळा धरला आहे. तो अकोल्याच्या दवाखान्यात जाऊन कापून घ्यावा असे वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितले असून पुढल्या सोमवारी निघायचे आहे. पांडुरंगाने परत आणले तर हा कागद मी माझ्या हाताने चुलीत घालीन. न आणले तर यातला प्रत्येक शब्द माझ्या तोंडचा समजावा आणि त्याबरहुकूम करावे.

खरे तर घर, भांडी, शेत यांच्यासाठी मी हा खटाटोप केला नसता. ती ज्याची त्याला आपोआप जातात. पण डॉक्टरांकडून परत येताना छकड्यात माझ्या थोरल्या जाऊबाई रूपाबाई यांनी माझा हात धरला आणि मला धीर यावा म्हणून एक वचन दिले. म्हणाल्या, "नर्मदे, तू पोथीचा घोर करू नको. तुझ्यामागं मी तिची हेळसांड होऊ देणार न्हाई. सासूबाईच्या पोथीला नेलं तसंच डोईवर घेऊन जाईन आन् पैनगंगेत सोडीन. फुलं वाहून, बराबर."

जाऊबाईंनी दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही. म्हणूनच मला घाम फुटला. कारण देवघराच्या कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेले आहे ती पोथी नव्हे. ती एकोणीस पुस्तके आहेत, हल्लीच्या लघुकथांची. सगळी पहिल्या आवृत्तीची, आणि प्रत्येकावर लिहिणाऱ्याची स्वतःच्या हातची सही. अकरा वर्षे हे मी जाऊबाईंपासून लपवले. ती पुस्तके नदीत जाऊ नयेत म्हणून हे मृत्युपत्र. बाकीची कलमे आधी उरकते.

कलम पहिले. माझी क्रिया साधी करावी. अकोल्यातच काही झाले तर तिथेच करावी, देह गाडीत घालून इथवर आणू नये. त्यात माझेही हाल आणि आणणाऱ्याचेही. तेराव्याला गोड एकच करावे. दोन केली तर लोक माझे नाव काढणार नाहीत, गोडाचेच काढतील.

कलम दुसरे. घरातला माझ्या हिश्श्याचा भाग, म्हणजे पुढली ओसरी, माजघर आणि त्यामागची न्हाणी, हा जाऊबाईंचे चिरंजीव तातेराव यांना देते. हे वाचून तातेराव खूश होतील. त्यांनी थोडे थांबावे. याला एक अट आहे आणि ती कलम आठव्यात आहे.

कलम तिसरे. मला माहेराहून आलेल्या सोन्याच्या पाटल्या जाऊबाई रूपाबाई यांना देते. त्या घेणार नाहीत. तरी द्याव्यात, कारण त्यांची पुतळ्यांची माळ माझ्यामुळे गेली. कशी गेली ते पुढे येईल. पितळी डब्यात जे आहे ते अकोल्याच्या खर्चातून उरले तर नरसीच्या देवळात दिवाबत्तीसाठी द्यावे.

कलम चौथे. माझा काचेचा मोठा कंदील मी पैनगंगेकाठच्या तांड्यावरच्या हिरासिंग यांना देणार होते. पण हिंगोलीच्या वकिलांकडे कारकून असलेले रामकिशन यांनी सांगितले की, ज्याला या कागदातून काही मिळते त्याची साक्ष या कागदावर चालत नाही. आणि हिरासिंगची साक्ष मला हवीच आहे. म्हणून कंदील कालच जिवंतपणी देऊन टाकला. "बाई, रॉकेल बी भरून दिलंत?" असे त्याने विचारले. भरून दिले. दिलेली वस्तू रिकामी देऊ नये.

कलम पाचवे. आता पुस्तके. ती या घरात कशी आली ते सांगितल्याशिवाय ती कोणाला द्यायची हे सांगता येणार नाही.

माझे वडील वाशिमला शिक्षक होते. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवले आणि मग या गावात दिले. मॅट्रिक झालेली सून म्हणजे काय ते बघायला पहिल्या आठवड्यात बायका ओसरीवर येऊन बसत. एकीने जाऊबाईंना विचारले, "भाकरी येती का हिला?" जाऊबाई म्हणाल्या, "येती. वाचत वाचत करती, म्हनून एका बाजूनं करपती."

माझा धाकटा भाऊ संतराम पुण्यास एका छापखान्यात जुळारी होता. म्हणजे शिशाचे एकेक अक्षर बोटाने उचलून ओळ लावायची. सन १९३१ च्या माघात त्याने पाठवलेले पार्सल हिंगोलीच्या पोस्टात आले आणि यजमान ते बाजारातून येताना घेऊन आले. आत निळ्या पुठ्ठ्याचे बारीकसे पुस्तक. मी पहिले पान उलटले. पानावर सही होती. काळीभोर शाई, शेवटच्या अक्षराची शेपटी लांबलेली, आणि टीपकागद लावायचा राहिल्यामुळे तिथे शाई जराशी फाकलेली.

तोवर माझी समजूत अशी की, पुस्तके लिहिणारी माणसे होऊन गेलेली असतात. पोथ्यांचे कर्ते होऊन गेले, शाळेतल्या धड्यांचे कर्ते होऊन गेले. हे लिहिणारा मात्र होऊन गेलेला नव्हता. तो महिन्यापूर्वी छापखान्यात बाकावर बसून चहा पीत होता आणि माझा भाऊ शाईने काळे झालेले हात पाठीमागे लपवून त्याच्यापुढे उभा होता. संतरामने पत्रात लिहिले होते, "त्यांनी विचारले, बहीण कोठे असते? मी म्हणालो, निजामाच्या मुलखात, तेथे पुस्तकांचे दुकान नाही. विचारले, काय करते? मी म्हणालो, वाचते. ते म्हणाले, पुरे झाले, आण इकडे." मी त्या फाकलेल्या शाईवर बोट ठेवले. मग बोट काढून घेतले. पूजेच्या मूर्तीला न्हाल्याशिवाय हात लागावा तसे वाटले.

मी पाहिलेल्या सह्या म्हणजे हेडमास्तरांची आणि पटवाऱ्याची. त्या सहीला आपल्याकडून काहीतरी हवे असते. या सहीला माझ्याकडून काही नको होते.

पुढे दर वर्षी एक, कधी दोन अशी पुस्तके येत गेली. संतरामचा नेम असा की, पहिली आवृत्तीच पाठवायची आणि लिहिणारा प्रत न्यायला छापखान्यात आला की सही घेऊनच पाठवायची. एकदा मी लिहिले की, दुसरी स्वस्त असेल तर दुसरी पाठव. त्याचे उत्तर आले, "ताई, दुसऱ्या आवृत्तीत माझ्या चुका दुरुस्त होतात. पहिलीत त्या तशाच असतात. तुला भाऊ हवा की शुद्ध छपाई?" त्यानेच एकदा लिहिले की, पहिली प्रत हातात घेताना लिहिणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. अजून कोणी चांगले म्हटलेले नसते, कोणी वाईट म्हटलेले नसते. एक पोक्त गृहस्थ तर सही करताना इतके कापले की दौत कलंडली. त्या पुस्तकाच्या कोपऱ्यावर तो डाग आहे. बाजारात डागाचे पुस्तक कमी भावाचे. माझ्या लेखी त्या डागाला तोड नाही.

आणि आत काय, तर कोण्या राजाराणीचे काही नाही. एक पोस्टमन. एक नवऱ्याने टाकलेली बाई. एकीचे दूध उतू जाते आणि ती बघत उभी राहते, एवढीच एक गोष्ट आहे, सहा पानांची. वाचली आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना माझा हात मधेच थांबला. पोथीतल्या कथेत देव भक्तासाठी धावून येतो हे मला लहानपणापासून ठाऊक. या गोष्टींत कोणी धावून येत नाही. तरी त्या वाचताना गाभाऱ्यापुढे उभे राहिल्यासारखे का होते ते मला चाळिसाव्या वर्षीही सांगता येत नाही. यात पाप असेल तर पांडुरंग बघून घेईल, माझा त्याच्याशी रोजचा व्यवहार आहे.

सातवे पुस्तक बाईचे होते. बाईने लिहिलेले आणि खाली तिची सही, नुसते तिचे नाव, कोणाची मुलगी कोणाची पत्नी काही नाही. वर एक ओळ: "गोरेगावच्या न पाहिलेल्या बहिणीस." ती ओळ मी किती वेळा वाचली असेल याचा हिशोब ठेवलेला नाही. बाकी सगळ्याचा ठेवते.

पुस्तकात लिहिणाऱ्याखेरीज कोणी अक्षर काढू नये असा माझा नियम. मी माझे नावसुद्धा एकाही पुस्तकात घातलेले नाही. संतराम सन १९४६ मध्ये शिशाच्या धुळीने छाती जाऊन वारला. त्यानंतर एकही पुस्तक आलेले नाही. सही एका हाताची आणि आतली सगळी अक्षरे दुसऱ्या हाताची, असे हे एकोणीस नग आहेत.

कलम सहावे. पुस्तकांची पोथी कशी झाली.

ती आधी माजघरात फळीवर उघडी असत. सन १९३७ च्या पावसाळ्यात मी तातेरावच्या दुकानातून हळद आणवली. पुडी सोडली आणि बघते तर पान त्रेचाळीस. त्या गोष्टीतली मुलगी स्टेशनावर गाडीची वाट बघत होती आणि तिच्या अंगावर हळद सांडलेली. फळीवरून एक पुस्तक नेऊन पठ्ठ्याने सहा पाने पुड्यांना लावली होती. मी दुकानात गेले. गिऱ्हाईक उभे होते तरी मी बोलले. तातेराव म्हणाला, "काकू, गोष्टीच त्या. कागद जाड हाय, पुडी झ्याक होती. गोष्टीनं पोट भरतं व्हय?" मी म्हणाले, "तुझ्या हळदीनं तरी रंग येतो का?" त्यावर गिऱ्हाईक हसले. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते आहे.

घरी आले. ते फाटके आणि बाकीची पुस्तके कुठे ठेवू ते सुचेना. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची जीर्ण पोथी जाऊबाईंनी रीतीप्रमाणे पैनगंगेत सोडली होती. फडके मात्र चांगले होते, टाकवेना, म्हणून मी धुऊन घडी करून ठेवले होते. त्याच फडक्यात पुस्तके बांधली आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवली. तातेराव काही म्हटले तरी देवाला भिणारा आहे. संध्याकाळी जाऊबाईंनी दिवा लावताना विचारले, "नवी पोथी आणली व्हय?" आणि मी "हं" म्हणाले.

एवढेच. तो "हं" अकरा वर्षे पुरला.

जाऊबाईंना अक्षर येत नाही. त्या रोज न्हाऊन कोनाड्यापुढे दोन फुले ठेवू लागल्या. मी दुपारी फडके सोडून वाचायला बसले की त्या जवळ येऊन बसत आणि म्हणत, "मोठ्यानं म्हन की, माझ्या बी कानावर पडू दे." आता काय करणार? मला अभंग पुष्कळ पाठ. डोळ्यांनी गोष्ट वाचायची आणि तोंडाने अभंग म्हणायचे, असे मी शिकले. एखादी गोष्ट रंगात आली की पाने भराभर उलटत. जाऊबाई म्हणत, "आज लई घाई करून राहिलीस." एकदा हसू आले. "अभंगात हसायचं काय हाय ग?" एकदा ती दूध उतू जाणारी गोष्ट वाचताना मी हुंदके देऊन रडले. जाऊबाईंनी ते गल्लीभर सांगितले, "आमच्या नर्मदेला पोथी वाचताना डोळ्याला धारा लागतात." दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडायला आल्या. मी पाय पोटात घेतले. ते मला अजून आठवते.

यजमानांना सगळे ठाऊक होते. जेवताना जाऊबाई समोर असल्या की मुद्दाम विचारायचे, "आजच्या अध्यायात काय झालं?" मी म्हणायची, "पोस्टमन मेला." जाऊबाई हात जोडायच्या. ते सन १९४३ मध्ये गेले. त्यांच्यामागे हे गुपित माझ्या एकटीचे झाले आणि जड झाले.

कलम सातवे. हे कलम लिहायला लाज वाटते, पण हेच मुख्य आहे.

यंदाच्या आषाढात रझाकारांच्या धाकाने गाव रिकामे होऊ लागले. नदीपलीकडे वऱ्हाड आणि तिथे माझे माहेर. तातेराव त्याची बायकोपोरे घेऊन आदल्या दिवशी गेला होता. आम्ही दोघी सकाळी निघालो. मी पीठ घेतले, जमिनीचे कागद घेतले, दोन लुगडी घेतली. पुस्तके घेतली नाहीत. सतरा वर्षे मी ज्यांना जिवापाड जपले, ती मी जड होतील म्हणून कोनाड्यात ठेवून निघाले. वेशीपर्यंत आलो आणि जाऊबाई थांबल्या. "पोथी?"

मी म्हणाले, "राहू द्या आक्का, देव सांभाळील."

"देवाला मागं ठिवून जीव काहून न्यायचा?" असे म्हणाल्या आणि माघारी गेल्या. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. एकोणीस पुस्तकांचे गाठोडे डोक्यावर घेऊन आल्या. तीन कोस मी म्हणत होते, मला द्या. त्या म्हणत होत्या, "तू न्हालेली न्हाईस."

नदीला छातीभर पाणी. उतार हिरासिंगला ठाऊक म्हणून तो पुढे. जाऊबाईंच्या एका हाताचा आधार डोक्यावरच्या गाठोड्याला, दुसऱ्या काखेत त्यांचे स्वतःचे बोचके, त्यात पुतळ्यांची माळ. मधल्या धारेत त्यांचा पाय सरकला. हिरासिंग ओरडला, "बाई, डोईवरचं सोडा, हात द्या!"

जाऊबाई म्हणाल्या, "हात गुतलेत, दादा. दंडाला धर." आणि त्यांनी दुसरा हातही वर नेला. काखेतले बोचके सुटले. मी ते वाहत जाताना पाहिले. त्यांनी पाहिले नाही. त्या वर बघत होत्या.

काठावर आल्यावर लुगडे पिळायच्या आधी मला म्हणाल्या, "सोड बघू, वली झाली का? आता तू बी न्हालीस." मी त्यांच्याकडे पाठ करून फडके सोडले. सगळ्यांत खालचे पुस्तक तेवढे भिजले होते. त्या बाईचे. पहिल्या पानावर निळे पाणी झाले होते, बहिणीस म्हणून लिहिलेल्यातले एक अक्षर उरले नव्हते. मला रडू आले. जाऊबाई म्हणाल्या, "रडू नको ग. देवाचंच पानी ते." माळेचे त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितले, तेही मी विचारले म्हणून. भादव्यात निजामी संपली आणि आम्ही गाठोड्यासह गोरेगावी परतलो.

मी आयुष्यात खूप थोरांच्या सह्या गोळा केल्या. पण मान खाली घालून ज्याच्याकडे बघावे असे मी त्या दिवशी पैनगंगेच्या काठावर पाहिले. आणि ते माझ्या खोटेपणावर उभे होते.

कलम आठवे. हे कलम मी आधी असे लिहिले होते की, सर्व पुस्तके वाशिमच्या वाचनालयास द्यावीत आणि रूपाबाई यांना माझ्यामागे खरे सांगावे. ते खोडले आहे. माझे खरे दुसऱ्याने सांगावे, आणि त्यांनी ते ओसरीवर चार माणसांत ऐकावे, हे बरोबर नाही. म्हणून गेल्या गुरुवारी दुपारी मीच सांगितले.

त्या गव्हातले खडे काढत होत्या. थांबल्या नाहीत. "सासूबाईच्या फडक्यात?" एवढे विचारले.

"हो."

"ते अभंग?"

"पाठ होते."

"आन् रडलीस ते?"

"गोष्टीसाठी."

"अकरा वर्सं मी पारोश्यानं तिकडं पाहिलं न्हाई," असे म्हणाल्या आणि सूप घेऊन उठल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढून माझ्यापुढे सरकवीत आणि म्हशीशी बोलत, मला ऐकू येईल असे. फुले मात्र कोनाड्यापुढे दोन्ही दिवस होती. ती का, हे मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी न्हाऊन आल्या, पाटावर बसल्या. म्हणाल्या, "काढ. वाच. पन लिवलंय तेच वाच."

मी भिजलेले पुस्तक काढले. त्यातली पहिली गोष्ट अशी आहे की, एका बाईचा मुलगा लढाईवर गेला आहे आणि ती रोज रात्री त्याच्या वाटणीची एक भाकरी जास्त करते. सकाळी ती भाकरी गाईला घालते. एक दिवस गावात तार येते. कोणाकडे आली ते लिहिणारी सांगत नाही. त्या रात्री ती बाई भाकरी करायला बसते आणि परातीत पीठ घेते, तिथे गोष्ट संपते. मी पहिल्यांदा जाऊबाईंसमोर आवाज काढून, जे पानावर आहे ते वाचत होते. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मंग? पोरगं आलं का?"

"गोष्ट इथंच संपते, आक्का."

"असं कसं? पीठ किती घेतलं, येवढं तर सांगायचं!"

"लिहिलेलं नाही."

जाऊबाईंनी कोनाड्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तिला ठावं हाय ग. सांगवत न्हाई तिला." आणि पुढे, "जित्ती हाय का ही बाई?"

"हो, आहे."

"तिला कसं कळलं, मी काय काय करत बसते ते?"

मी मॅट्रिक. सतरा वर्षे ही पुस्तके उराशी धरली. आपण इतक्या लांबून तिला दिसलो कसे, हा प्रश्न मलाही पहिल्या दिवसापासून होता, पण तो असा शब्दांत मांडणे मला कधी जमले नव्हते. मी त्यांना नदीचे विचारले. म्हणाल्या, "न्हाई सोडत आता. तिनं एकदा थोडं घेतलंय, तेवढं बास."

म्हणून ठरवते ते असे. एकोणीसही पुस्तके जाऊबाई रूपाबाई यांना देते. ती लाल फडक्यात, त्याच कोनाड्यात राहावीत. दर एकादशीला तातेराव यांनी दुकान बंद करून आईसमोर बसावे आणि त्यांतली एक गोष्ट मोठ्याने, लिहिली आहे तशी, एक ओळ न गाळता वाचावी. कलम दुसऱ्यातली अट ती हीच. स्टेशनावरच्या मुलीची सहा पाने नाहीत. ती गोष्ट मला शब्दन् शब्द आठवते. मी ती सोमवारच्या आत तातेराव यांना सांगीन आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने वेगळ्या कागदावर उतरवून त्या जागी ठेवावी. हे ऐकून तातेराव म्हणाले, "काकू, असलं मृत्युपत्रात लिवतात व्हय?" लिहितात. मी लिहिले आहे. जाऊबाईंमागे ही पुस्तके कोणाला द्यायची ते जाऊबाईंनी ठरवावे. ज्याने नदीतून आणले त्याचाच तो अधिकार.

शेवटचे. आज हा कागद पुरा करायला रामकिशन आणि हिरासिंग ओसरीवर बसले. हिरासिंगला सही येत नाही म्हणून शाईची पेटी उघडून ठेवली होती. कोणी काही म्हणायच्या आत जाऊबाईंनी अंगठा पेटीवर दाबला आणि म्हणाल्या, "कुठं लावू? माझी साक्ष पहिली. मी डोईवर आणलंय."

रामकिशननी समजावले, "मावशी, तुम्हाला या कागदातून मिळतंय. तुमचा अंगठा साक्षीला चालणार नाही."

"मंग आता ही शाई कुठं पुसू? पदराला?"

मी आत गेले. फडके सोडले, सातवे पुस्तक काढले, निळे पाणी झालेले पान उघडून त्यांच्यापुढे धरले. पुस्तकात लिहिणाऱ्याखेरीज कोणी काही उमटवू नये हा माझा नियम मी आज माझ्या हाताने मोडला. जाऊबाई म्हणाल्या, "इथं? तिच्या जागी?" मी म्हणाले, "तिच्या शेजारी, आक्का." त्यांनी डोळे मिटून अंगठा टेकवला आणि उचलला.

रेषा स्वच्छ उठल्या आहेत. पान वाळेपर्यंत पुस्तक माझ्या डाव्या हाताला उघडे ठेवले आहे, तोवर मी उजव्याने सही करते.

मुक्काम गोरेगाव, शके १८७०, कार्तिक शुद्ध द्वादशी, माहे नोव्हेंबर सन १९४८.

लिहून ठेवणार: नर्मदाबाई भ्रतार कै. किसनराव कावरखे, सही दस्तुरखुद्द.

साक्ष: रामकिशन, वकिलांचे कारकून, हिंगोली. वरील बाईंनी माझ्यासमक्ष सही केली.

साक्ष: हिरासिंग, राहणार तांडा, पैनगंगेकाठ. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. नदी उतरताना सोबत होता.